दोन घरांचे शब्द

सेलूत दुपारी दोन ते चार लाईट नसते.
इन्सुलिन मी बर्फाच्या डब्यात हलवते,
शटर अर्धं ओढते,
आणि तुराबअली मास्तर काउंटरवर पट मांडतात.
उर्दू शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झाले, त्यांचाच पट,
पंधरा आडवी, पंधरा उभी घरं, लाकडी सोंगट्या.
त्यातला जे हरवलाय.
त्याच्या जागी गोळ्यांच्या पाकिटाचा कापलेला चौकोन,
वर माझ्या हातचं अक्षर.

माझं इंग्रजीही पाकिटावरचंच.
एक्स, झेड तोंडपाठ,
औषध कंपन्यांचा त्यांच्यावर भारी जीव.
मग तुम्ही तर श्रीमंत, मास्तर म्हणाले,
झेडला दहा, एक्सला आठ.
झॅक्स लावा, एकोणीस घ्या.
झॅक्स म्हणजे?
छपराच्या दगडी पाट्या तासायचं हत्यार.
आमच्याकडं शहाबादी फरशी असते, मास्तर,
तिला छिन्नी पुरते.
छिन्नीला इथं जागा नाही, म्हणाले.

झो म्हणजे याक आणि गाईचं वासरू.
ऑक्स समजला, तो बैलबाजारात दिसतो.
पण जिंकायचं असेल तर दोन घरांचे शब्द पाठ करा,
लहान असतात, कुठंही शिरतात.
बिलाच्या पाठीमागं यादी लिहून दिली, अर्थासकट.
मी ती मराठीतच वाचली.
दुसरं काय येतं मला.

मी: गाण्यातला एक सूर. चार गुण.
ती: हाही सूरच, सगळ्यात शेवटचा. दोन.
का: मिसर देशातल्या मेलेल्या माणसाचा जीव,
जो थडग्यात मागं राहतो.
आम्ही का म्हणत नाही, काहून म्हणतो,
त्याला पाच घरं लागतात
आणि उत्तर तरी कोण देतं.
जो: स्कॉटलंडातला सखा, नऊ गुण.
इथं दोनदा म्हटलं की बाळ झोपतं.
आई: ए आणि आय.
झाडाला उलटं लोंबणारं, तीन बोटांचं, आळशी जनावर.
आई, आणि आळशी?
मी हसले, मास्तरांना ठसका लागला.
उलटं लोंबणं मात्र बरोबर आहे.
तिचेही दोनच.

यादीत शेवटी ने.
मला वाटलं, घेऊन जा.
मास्तर चष्मा पुसत राहिले.
लग्नाआधी अमुक नावाची, असा अर्थ आहे.
तिकडं बायांच्या नावापुढं लावतात.
तुमचं काय होतं, मॅडम?

गिऱ्हाईक आलं. ओआरएसची दोन पाकिटं.
सुटे नव्हते, रुपयाऐवजी चॉकलेट दिलं.
मग सांगितलं.
ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं स्मिता लिहिलं,
तेच आता दुकानाच्या पाटीवर आहे, दोन्ही भाषांत.
ताटातले तांदूळ कुणीतरी परत डब्यात ओतले असतील.
त्याआधी सोळा वर्षं मी दुर्पदा होते,
जिंतूरच्या पुढं, चारठाण्यात.

मास्तर काही बोलले नाहीत.
पिशवीत डोकावून सोंगट्या निवडायला लागले.
डोकावायचं नसतं, हा पहिला नियम.
विशेषनाम चालत नाही, हा दुसरा.
दोन्ही मला त्यांनीच शिकवलेले.
दोन तर पटावरनंच उचलल्या,
माझा चांगला लागलेला शब्द मोडून.
सात झाल्या. ओळीत लावल्या,
पटावर नाही, बिलबुकाशेजारी, काउंटरवर.
अकरा होतात, म्हणाले,
साती एकदम लागल्या म्हणून वर पन्नास,
आणि माझ्या खात्यात पेन्सिलीनं एकसष्ट लिहिले.

बघा, स्पेलिंग बरोबर आहे का.

मी वाकले. शटरखालून ऊन आलेलं,
तेवढ्या उजेडात एकेक अक्षर बघितलं.
हे नाव इंग्रजीत कधी कुणी लिहिलंच नव्हतं.
मला कसं कळणार.